आईचा वाढदिवस नक्की कधी? तारीख, तिथी आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की वाढदिवस, सण, जयंत्या-पुण्यतिथ्या यांच्या तारखांबद्दल काही अडलं असेल तर लिहा, तर इतकी पत्रं आली की सगळी छापायला दोन अंक लागतील. सहा घेतलीत. पहिल्याच पत्राला जास्त जागा दिलीय, कारण ते वाचून मी स्वतः दोन दिवस त्यातच अडकले होते.

प्रश्न: ताई, माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1967 आहे, आधार पॅन सगळीकडे तीच. पण आजी (आता ती नाही) कायम सांगायची की कोयनेचा भूकंप झाला त्याच आठवड्यात तू झालीस, आम्ही माळावर झोपडी घालून राहत होतो आणि तिकडे देवळात दत्ताचा पाळणा म्हणत होते. आई म्हणते जाऊ दे, आता काय करायचंय. पण मला तिचा खरा वाढदिवस करायचाय. सापडेल का? (पाटण तालुका)

सापडेल काय, सापडला! आजींनी सगळं सांगून ठेवलंय हो, फक्त त्यांच्या भाषेत.

आधी 1 जूनचं सांगते. आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या पुढच्या लोकांत बघा, निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जून असतो. घरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन गेलं की गुरुजी म्हणायचे हात डोक्यावरून पलीकडे ने आणि कान पकड, कानाला बोटं लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचं आणि मग 1 जून आणि सहा वर्षांपूर्वीचं साल, की झाली जन्मतारीख. त्यात गुरुजींचा दोष नाही, रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि पोरगं शाळेत यावं ही त्यांची तळमळ होती.

आता आजींचं बोलणं. कोयनेचा मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967 ला झाला, सोमवार होता, पहाटे चारच्या सुमारास, सगळी साखरझोपेत. पाटण-कोयनानगर भागात दगडामातीची घरं कोसळली, जी उभी राहिली त्यांच्यातही धक्क्यांच्या भीतीने कुणी झोपायला तयार नव्हतं, त्या थंडीत लोक उघड्यावर राहिले. तुमच्या आजींची माळावरची झोपडी ती हीच. आणि दत्ताचा पाळणा म्हणजे दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा, जन्म संध्याकाळी असतो म्हणून पाळणा दिवेलागणीला म्हणतात. मी 1967 चं पंचांग काढून बघितलं, त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा आली शनिवारी, 16 डिसेंबरला. भूकंप सोमवारी, दत्तजयंती शनिवारी, म्हणजे "त्याच आठवड्यात" हे शब्दसुद्धा अगदी बरोबर. तेव्हा तुमची आई 16 डिसेंबर 1967 ला संध्याकाळी झाली. कागदावर ती साडेसहा महिन्यांनी मोठी आहे. आणि लक्षात घ्या, तेव्हा घरोघरी भिंतीवर कालनिर्णय नव्हतं, ते जयंतराव साळगावकरांनी 1973 पासून काढायला सुरुवात केली. त्या माऊलीने घर पडलेलं असताना, पोटात कळा असताना, दिवस लक्षात ठेवला तो भूकंप आणि पाळणा या दोन खुणांनी, आणि त्या खुणांवरून आज अठ्ठावन्न वर्षांनी तारीख निघाली.

कागदपत्रांतली तारीख बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका, सगळीकडे एकच आहे ना मग राहू दे तशीच. घरी औक्षण 16 डिसेंबरला करा नाहीतर दत्तजयंतीला करा. दत्तजयंती 2024 ला 14 डिसेंबरला होती, 2025 ला 4 डिसेंबरला आणि 2026 ला 23 डिसेंबरला आहे. असं मागे-पुढे का होतं ते सांगते. चंद्राचे बारा महिने साधारण 354 दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष 365 चं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जाते, आणि मग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ती परत पुढे आणतात. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे म्हणून ती एकदम 23 डिसेंबरला गेली. आणि दर 19 वर्षांनी तिथी आणि तारीख परत जवळपास एकत्र येतात, बघा 1967 ला 16 डिसेंबर, 2005 ला 15 डिसेंबर, 2024 ला 14 डिसेंबर.

बाकी कुणाच्या घरी असंच असेल तर म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, त्यांना विचारा तेव्हा काय चाललं होतं. पेरणी होती का, पोळा होऊन गेला होता का, पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर (12 जुलै 1961), गांधीजी गेले तेव्हा मूल मांडीवर होतं की पोटात (30 जानेवारी 1948), बहात्तरच्या दुष्काळात ते चालत होतं की रांगत होतं. आणि हे लवकर विचारा, अगदी या आठवड्यात विचारा.

प्रश्न: आमच्याकडे दरवर्षी वाद, संक्रांत 14 ला की 15 ला? भोगीची भाजी कधी करायची? सासूबाई म्हणतात पूर्वी कायम 14 लाच असायची. (नाशिक)

सासूबाईंच्या आठवणीत ती बहुतेक 14 लाच आहे, त्यांचं चूक नाही. संक्रांत तिथीवर नसते, सूर्य मकर राशीत शिरतो त्यावर असते, म्हणून आपल्या बाकी सणांसारखी ती महिनाभर इकडेतिकडे उड्या मारत नाही. पण सूर्याचं ते शिरणं दरवर्षी साधारण सहा तास उशिरा होतं, लीप वर्षामुळे ते परत मागे येतं, आणि सूर्यास्तानंतर झालं तर सण दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून 2023 आणि 2024 ला 15 होती, 2025 आणि 2026 ला 14, आणि 2027 ला परत 15. भोगी त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे 2027 ला भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी 14 ला.

शिवाय हे सगळंच फार हळूहळू पुढे चाललंय, साधारण 72 वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती! यावरून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला संक्रांतीच्या दिवशीच झाली असं आपण सर्रास म्हणतो. तारीख बरोबर आहे, बुधवार होता, पौष शुद्ध अष्टमी, पण 14 तारखेची संक्रांत ही आपल्या काळातली, त्या काळी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली असणार. मराठी घराघरातली माणसं त्या रणात गेली, त्या दिवसाबद्दल तरी आपण नीट बोलावं असं मला वाटतं.

प्रश्न: शिवजयंती 19 फेब्रुवारीला की तिथीला? मुलगा विचारतो महाराजांचे दोन वाढदिवस का. (चिंचवड)

मुलाला सांगा जन्म एकच, मोजायच्या पद्धती दोन. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची जुनी सालवार नोंदवही) जन्म नोंदलाय फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते पाडवा या काळात 79 मिळवायचे, म्हणून 1630. ती तारीख निघते 19 फेब्रुवारी 1630, आणि सरकारी शिवजयंती त्या तारखेला असते. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549 ही तिथी बरीच वर्षं चालायची, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी शिवजयंती उन्हाळ्यात असते.

मुलगा मोठा असेल तर हेही सांगा की ही 19 तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आत्ता आपण वापरतो त्या कॅलेंडरने तो दिवस 1 मार्च येतो. राज्याभिषेकाचं 6 जून 1674 पण तसंच, त्याची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. रायगडावर तारखेनेही सोहळा होतो, तिथीनेही होतो. माझं मत विचाराल तर यावरून भांडू नये, दोन्ही दिवशी पोरांना घेऊन एखादा किल्ला चढावा.

प्रश्न: नातू 29 फेब्रुवारी 2024 ला झाला. सगळे म्हणतात बिचाऱ्याचा वाढदिवस चार वर्षांनी. फार वाईट वाटतं हो. (सोलापूर)

आजी, अजिबात वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे त्यावर सोपा उपाय आहे. 29 फेब्रुवारी 2024 ला माघ वद्य पंचमी होती, महाशिवरात्रीच्या आधी आठ दिवस. ही तिथी दरवर्षी येते, एकही वर्ष चुकत नाही. आई-बाबांना केक कापायचा तो 28 ला कापू दे नाहीतर 1 मार्चला, तुम्ही माघ वद्य पंचमीला पाटावर बसवून ओवाळा, भोवती रांगोळी, तबकात सुपारी आणि सोन्याची अंगठी, सगळं करा.

आणि त्याच्या जोडीला मोठी माणसं आहेत. मोरारजी देसाई 29 फेब्रुवारी 1896 चे, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि नंतर देशाचे पंतप्रधान. त्यांचं तर असं झालं की 1900 हे लीप वर्ष नव्हतंच (शतकाच्या सालाला 400 ने भाग जावा लागतो), त्यामुळे त्यांची जन्मतारीख पहिल्यांदा परत आली ती थेट 1904 ला, आणि नेमक्या त्याच दिवशी, 29 फेब्रुवारी 1904 ला, भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. नातवाला शाळेत सांगायला छान आहे हे.

प्रश्न: आम्ही तीन पिढ्या इंदूरला. आमचे शेजारी आमच्या आधी पंधरा दिवस श्रावण सुरू करतात, मग कुणाचं चुकतं? (इंदूर)

कुणाचंच नाही. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाला नाव वेगळं पडतं. 2025 ला त्यांचा श्रावण 11 जुलैला लागला, आपला 25 जुलैला. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, पण रात्र तीच आणि कृष्ण तोच. फक्त श्रावणी सोमवार धरणार असाल तर सुरुवात कुठल्या पद्धतीने करायची ते घरात आधी ठरवून घ्या.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, रोज परिपाठाला फळ्यावर दिनविशेष लिहितो. व्हॉट्सअॅपवर येतं ते खरं असतंच असं नाही. आणि एक विचारायचंय, 30 सप्टेंबर फळ्यावर लिहू का? मुलांना त्रास होईल का? (औसा तालुका, लातूर)

सर, तुमच्या पहिल्या शंकेचं आधी. सगळ्यात जास्त चुकतं ते 27 फेब्रुवारीचं. कुसुमाग्रजांचा जन्म 27 फेब्रुवारी 1912 चा, तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन 1 मेला असतो, महाराष्ट्र दिनालाच, आणि 21 फेब्रुवारी तो जागतिक मातृभाषा दिन. तिन्ही एकमेकांत मिसळून फिरत असतात. 1 ऑगस्टला दोन नावं एकत्र लिहा, 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा विजयादशमी होती, म्हणून तो दिवस तारखेनेही लिहा आणि दसऱ्यालाही लिहा. संतांचं मात्र तिथीनेच ठेवा, तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीया, ज्ञानेश्वर माऊलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी. इंग्रजी तारखेवर ती बसवायला गेलात की देहू-आळंदीत सोहळा एका दिवशी आणि तुमच्या फळ्यावर दुसऱ्या.

आता 30 सप्टेंबर. लिहा सर, जरूर लिहा. 1993 साली आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून रात्री उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आजी-आजोबांनी ती पहाट बघितलीय, काहींनी त्या पहाटे घरातलं माणूस गमावलंय आणि कित्येक घरांत त्याबद्दल कधी बोलणंच झालेलं नसतं. एक करता येईल, आदल्या दिवशी पालकांना कळवा, जमलं तर दोन आजोबांना शाळेत बोलवा आणि त्यांना पाहिजे तेवढंच बोलू द्या, मध्ये प्रश्न नकोत. मग मुलांना वहीत लिहायला लावा, घरच्यांनी काय सांगितलं ते, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत. त्या वह्या रद्दीत मात्र जाऊ देऊ नका, शाळेच्या कपाटात ठेवा.