वेळापत्रक लावणारा माणूस ऑफिसला हवा असतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 14 वर्षं शिकवलंत, पटसंख्या घटली, तुकड्या बंद झाल्या आणि तुमची जागा गेली. पाच महिन्यांत साठेक अर्ज केलेत, प्रत्येकात ‘कोणतंही ऑफिसचं काम चालेल’ असं लिहिलंत, आणि फोन आले फक्त दोन. ‘मला शिकवण्याशिवाय काहीच येत नाही का?’ हे तुमचं शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. मी 11 वर्षं गणित शिकवलं, माझीही जागा अशीच गेली. गेली 9 वर्षं ऑफिसात आहे आणि त्यातली तीन-चार वर्षं आमच्या विभागासाठी माणसं निवडायला मीच बसते.

तेव्हा आधी ते ‘कोणतंही’ खोडा. अर्ज वाचणाऱ्यासमोर एक ठरावीक रिकामी जागा असते. या बाई इथे बसतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. ‘कोणतंही’ लिहिलं की तुम्हाला कुठे बसवायचं हे त्यालाच शोधावं लागतं. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो, तो पुढचा अर्ज उचलतो.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की शाळेचं वेळापत्रक सहा वर्षं तुमच्याकडे होतं. ताई, ही तुमच्या अर्जातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि रिझ्युमेत ती ‘वेळापत्रक समिती सदस्य’ एवढ्या तीन शब्दांत उरकली आहे. ते काम काय असतं ते मला माहीत आहे. 18 तुकड्या, 32 शिक्षक, प्रयोगशाळा एकच. दोघं अर्धवेळ, ते दुपारनंतर थांबत नाहीत. एकाच शिक्षकाला सलग चार तास द्यायचे नाहीत, एका तुकडीला एकच विषय लागोपाठ दोनदा येऊ द्यायचा नाही. सगळं जुळत आणलं की शेवटी एक तास उरतो, तो कुठेच बसत नाही, आणि त्या एका तासासाठी अख्खा गुरुवार उसवावा लागतो. शिवाय सकाळी कुणाचा तरी ‘आज येत नाही’ म्हणून फोन, आणि पहिली घंटा व्हायच्या आत बदली तास लावून कागद फळ्यावर चिकटवायचा.

ऑफिसात या कामासाठी पगार देऊन माणूस ठेवतात. शिफ्ट लावणं, प्रशिक्षणाच्या तारखा जुळवणं, एक माणूस आजारी पडला तर त्याचं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवणं. नाव वेगळं असतं, कुठे समन्वयक, कुठे शेड्युलिंग, कुठे ऑपरेशन्स. म्हणून ती ओळ अशी लिहा: ‘18 तुकड्या व 32 शिक्षकांचं साप्ताहिक वेळापत्रक सलग सहा वर्षं तयार केलं, गैरहजेरी असल्यास त्याच दिवशी पर्यायी व्यवस्था केली.’ आकडे तुमचे खरे घाला.

निकालपत्रकांचं, हजेरीचं, पालकसभांचंही असंच आहे. चिडून आलेल्या पालकाला शांतपणे खुर्ची देऊन त्याचं पूर्ण ऐकून घेतलं असेल, तर ग्राहकांच्या तक्रारींचं काम तुम्ही आधीच केलेलं आहे.

आता एक्सेल. इथे मी सपशेल आपटले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्याच इंटरव्ह्यूत ‘एक्सेल येतं’ म्हणाले. त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला. एका शीटवर कर्मचाऱ्यांचे क्रमांक, दुसऱ्यावर क्रमांक आणि विभाग, दोन्ही जुळवा म्हणाले. मी व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली माहिती दुसरीतून शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र, लावला, उत्तरं भराभर आली, मी खूश. पण सूत्रातली शेवटची, चौथी जागा मी रिकामी सोडली होती. ती सोडली की एक्सेल तंतोतंत जुळणी न करता अंदाजे जुळणी करतो, आणि यादी चढत्या क्रमानं लावलेली नसेल तर चुकीची उत्तरं देतो, कसलाही इशारा न देता. तिथे शून्य किंवा फॉल्स लिहायचं असतं. समोरच्या बाईंनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे तुम्ही ताडून पाहिलंत का?’ मुलांना 11 वर्षं ‘ताळा करून बघा’ सांगणारी मी, आणि मीच ताळा केला नव्हता.

तेव्हा एवढं करा. दोनशे काल्पनिक मुलांचं निकालपत्रक स्वतः तयार करा. खऱ्या मुलांची नावं किंवा गुण चुकूनही वापरू नका. ती माहिती आपली नव्हे, आणि ती दाखवणारा माणूस कंपनीची माहितीही अशीच बाहेर दाखवेल, असा समोरच्याचा समज होतो. त्यात व्हीलुकअप लावा, पिव्होट टेबलनं तुकडीवार सरासरी काढा, मेल मर्जनं प्रत्येकाचं पत्र तयार करा. क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल गिळून टाकतो, म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट करायचा, हे एकदा स्वतः चुकून बघा म्हणजे लक्षात राहील. रोज तास-दीड तास दिलात तर महिन्याभरात हात बसेल. मग ‘एक्सेल येतं’ लिहायची गरजच नाही, ती फाईल उघडून दाखवायची.

वर्गाबाहेर पडूनही शिकवण्याच्या जवळ राहायचं असेल तर कंपन्यांचे ट्रेनिंग विभाग बघा. तिथली भाषा परकी वाटेल, पण घर ओळखीचं आहे. डीएडच्या-बीएडच्या वर्गात घोकलेलं ब्लूमचं 1956 चं वर्गीकरण, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांच्या चढत्या पातळ्या, तिथेही चालतं. अ‍ॅडी म्हणतात ती पद्धत 1975 मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तयार झाली: गरज तपासा, आराखडा करा, साहित्य बनवा, शिकवा, मूल्यमापन करा. पाठटाचण काढणाऱ्याला यात नवं काय आहे? नवं आहे ते प्रशिक्षणाचा परिणाम मोजायला कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांतल्या शेवटच्या दोन पायऱ्यांत. प्रशिक्षण आवडलं का, समजलं का, हे आपण विचारतोच. कंपनी त्यापुढे विचारते, कामाची पद्धत बदलली का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. इंटरव्ह्यूत याची तयारी ठेवा. मूडलसारख्या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर एखादा छोटा कोर्स स्वतः बांधून ठेवलात तर आणखी चांगलं.

‘शिकवणं का सोडताय?’ हे विचारणारच. खरं ते दोन वाक्यांत सांगा: तुकड्या बंद झाल्या, जागा गेली, त्या कामातला नियोजनाचा भाग मला आवडायचा, तेच आता पूर्णवेळ करायचं आहे. मग थांबा. थांबणं आपल्याला जड जातं. शिक्षक सुरुवातीपासून समजावून सांगतो, ऑफिसात आधी उत्तर लागतं, कारणं नंतर. मेलही तसाच लिहायचा. माझे पहिले मेल पान-पानभर असायचे, आणि साहेबांनी त्यातली शेवटची ओळ अधोरेखित करून परत पाठवली: ‘ही सर्वांत वर.’ ते साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान होते. तेव्हा मन दुखावलं, पण ते बरोबर होते.

कागदपत्रांचं लगेच बघा. अनुभवाचा दाखला, शेवटच्या वेतनाच्या स्लिपा, आणि तुमच्याविषयी दोन शब्द सांगू शकतील अशा मुख्याध्यापकांचा नंबर. शाळा पूर्ण बंद झाली तर नंतर सही करायला माणूस सापडत नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर तिथून उठा.

एक गोष्ट राहिली. पहिलं वर्ष मला ऑफिसात फार पोकळ वाटायचं. घंटा नाही, ‘बाई, समजलं!’ म्हणणारा चेहरा नाही, काम चांगलं झालं की वाईट हे आठवडे-आठवडे कळत नाही. जूनमध्ये, नव्या वह्यांच्या दिवसांत, तर फारच. ते वाटणं तुमच्या वाट्यालाही येईल, आणि त्याचा अर्थ तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात असा नाही. मला दुसऱ्या वर्षी एका नव्या मुलाला रिपोर्ट शिकवायला सांगितला आणि तो म्हणाला, ‘आता कळलं.’ त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

ती वेळापत्रकाची ओळ आजच नव्यानं लिहा आणि मला पाठवा. आकड्यांसकट. मी वाचून सांगते.