पंपाची खोली वेलीमागे लपवायची तर

दादा, तुमचा प्रश्न असा ना, की गुहागरच्या घरी पडवीत बसलं की समोर सिमेंटच्या पत्र्याची पंपाची खोली आणि तिला चिकटलेला जुना संडासच दिसतो, पाडायचा नाहीये आणि गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत भराभर वाढणारी वेल चढवायचीय. होईल की. पण वेल कुठली ते नंतर, आधी ती चढणार कशावर ते ठरवा.

थेट पत्र्यावर अजिबात सोडू नका. पन्हळीत पाला अडकतो, कुजतो, पाणी तुंबून आत गळायला लागतं, आणि तो काढायला सिमेंटच्या पत्र्यावर कोणी चढलं की पाय आत गेलाच म्हणून समजा. भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून वेगळे खांब पुरा, म्हणजे भिंत ओली राहत नाही आणि पंपाच्या वायरिंगपर्यंत माणूस जातो. आडव्या-उभ्या दोऱ्या एकमेकींपासून लांब लांब बांधा. बंदरावर जुनं मासेमारीचं जाळं फुकट मिळतं खरं, पण बारीक नायलॉन जाळ्यात धामण अडकते आणि मग ती सोडवायची कोणी?

खड्डा पागोळ्यांच्या बाहेर घ्या, नाहीतर जुलैत पागोळ्यांनीच मुळं उघडी पडतात. जांभ्यात दोन फूट तरी खणायला लागेल, तळाला नारळाची सोडणं, वर माती आणि शेणखत. पावसात बुंध्याशी मातीची भर, आळं करायचं ते दसऱ्यानंतर. हे उलटं केलं की रोप कुजतं.

आता वेल. गणपतीपर्यंत म्हणत असाल तर जूनमध्ये शिराळी, पडवळ, तवशी म्हणजे मोठी काकडी लावा, तोवर पडदा होतो आणि गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटवीला बांधायला दोन तवशी घरचीच. पण दिवाळीनंतर ते सगळं वाळतं, म्हणून त्याच वेळी बाजूला मधुमालती लावून ठेवा, शेजारी कोणाकडे असेल तर मुळाशी फुटलेली पोरं मागून आणा, विकत कशाला घ्यायची. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होत लाल होते, रात्री वास येतो, संडासाशेजारी एवढं पुरे. वजनाला मात्र जड असते, खांब चिव्याच्या बांबूचा चालणार नाही, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप घ्या आणि खाऱ्या वाऱ्यात गंजू नये म्हणून रंग लावूनच पुरा.

बोगनवेल खारा वारा सोसते, पाणी कमी मागते, पण काटे! संडासाच्या वाटेवर नकोच, शिवाय पावसात नुसती हिरवी. गारवेल कोणी सुचवली तर ऐकू नका, कुंपण सोडून शेजाऱ्याच्या आंब्यावर जाते. मागची बाजू माडा-पोफळीच्या सावलीत असेल तर तिथे मिरवेल छान, पन्नियूर जातीची रोपं नर्सरीत मिळतात, मिरीही हाताला लागते.

मधुमालतीची दणकून छाटणी मेमध्ये, पाऊस लागायच्या आधी करा, नाहीतर नैऋत्येचा वारा सगळा मांडव खांबांसकट आडवा करतो. आणि संडासाच्या टाकीतला गॅस बाहेर सोडणारा पाईप वेलीच्या वर मोकळा राहू द्या, त्या टाकीचं झाकणही. एकदा वेल पसरली की ते कुठे होतं हे घरात कोणाला आठवत नाही.