गॅरेजातले प्रश्न : तापली की बंद पडते

प्रश्न : बाबांची १९७८ सालची अ‍ॅम्बेसेडर, पेट्रोलवरची, अजून घरी आहे. सकाळी एका सेल्फात सुरू होते. यवतमाळकडे निघालो की वीस-पंचवीस किलोमीटरवर झटके देऊन राहते, मग बंदच. झाडाखाली अर्धा तास उभी केली की जसं काही झालंच नाही अशी चालू! कार्बोरेटर दोनदा खोलला, प्लग नवे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, रोटर नवा. साडेचार हजार गेले. आता मिस्त्री म्हणतो, कॉइल बदलू. बदलू का?
(एक कास्तकार, दारव्हा तालुका)

उत्तर : आजच नका बदलू, भाऊ. तुमच्या पत्रात ‘नवा’ चार वेळा आला, ‘तपासला’ एकदाही नाही. जुनं सामान फेकलं नसेल तर एका डब्यात घालून डिकीत ठेवा, ते लागणार आहे. आधी या मंडळींची ओळख : कॉइल बॅटरीच्या करंटचा ठिणगी उडेल इतका जोर वाढवते. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी टोकं, आणि कंडेन्सर त्या टोकांमध्ये ठिणग्या उडू देत नाही. रोटर डिस्ट्रीब्युटर नावाच्या डब्यात फिरतो आणि करंट एकेका प्लगला वाटतो.

तुम्ही झाडाखाली बसता तो अर्धा तासच खरा कामाचा. गाडी थंड झाली की चोर पळाला. म्हणून बंद पडल्याबरोबर बॉनेट उघडा. पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते आधी पाहा. मग डिस्ट्रीब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर उपसा. ती कपडे वाळवायच्या कोरड्या लाकडी चिमट्यात धरा आणि तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर त्या घडीला कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तिघंही कामावर आहेत. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर दोष त्या तिघांत किंवा त्यांच्या वायरीत.

ठिणगी चांगली असूनही गाडी चालत नसेल तर रोटर पाहायचा. टोपी काढा, रोटर जागेवरच राहू द्या. तीच मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या मधोमध वर, साधारण ३ मिलिमीटरवर धरून पुन्हा सेल्फ मारा. एखादी बारीक ठिणगी उडाली तर सोडून द्या. पण दणादण उडायला लागली तर रोटर फुटका समजा. करंट प्लगकडे न जाता रोटरच्या पोटातून खालच्या शाफ्टमध्ये (रोटर ज्यावर बसतो त्या दांड्यात) उतरतो आहे. बाजारातल्या काही नव्या रोटरांत पट्टी धरणारा रिव्हेट इतका खोल गेलेला असतो की त्याच्या नि शाफ्टच्या मध्ये जेमतेम पापुद्रा उरतो. थंड असताना तो निभावतो, तापला की हात टेकतो. वरून मात्र रोटर चकचकीत!

कंडेन्सरचंही तसंच. मे महिन्यात मी एक वरात घेऊन मोर्शीला निघालो होतो. निघण्याआधी शहाणपणा म्हणून कंडेन्सर नवा टाकला. नवरदेव मागच्या सीटवर, ऊन असं की बॉनेटवर पापड भाजावा, आणि गाडी वाटेत तीनदा बंद. तिसऱ्यांदा टोपी काढून पॉइंट पाहिले तर त्यांच्यात ठिणग्यांची दिवाळी चालली होती. जुना कंडेन्सर नशिबाने शर्टाच्या खिशातच होता. तो लावला, फेटा बांधलेला माणूस वेळेत मांडवात पोचला. तो जुना पुढे कितीतरी वर्षं चालला. पॉइंटच्या तोंडावर काळपट-निळसर जळ दिसला, किंवा एका बाजूला खड्डा अन् दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या.

एक वायर मात्र सगळे विसरतात. बाहेरून येणारी बारीक वायर डिस्ट्रीब्युटरच्या आत पॉइंटपर्यंत जाते. इंजिनाच्या ओढीने (व्हॅक्यूमने) पॉइंटखालची प्लेट हलते तशी तीही हलते. वर्षानुवर्षं हलून आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. चिमटीत धरून हळूच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तार नाही.

एवढं करूनही ठिणगी मरतुकडीच राहिली, तर मग कॉइल. गाडी बंद पडल्यावर कॉइलच्या अंगावर ओलं फडकं गुंडाळा, वायरींचं तोंड कोरडं ठेवून. अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटांत सुरू झाली तर तुमचा मिस्त्री बरोबर. आणि गाडी बंद असताना चावी फिरवून, इग्निशन चालू ठेवू नका. पॉइंट नेमके मिटलेले असले तर कॉइल बसल्या जागी तापते.

पॉइंट नवे टाकलेच आहेत तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन दोन पॉइंटमधला गॅप पाहा. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या, शाफ्टवरच्या उंचवट्याच्या) टोकावर आली असताना १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. पोस्टकार्ड घालून गॅप लावणारे उस्ताद मीही पाहिलेत, पण पोस्टकार्डाची जाडी कोणी मोजलीय? नव्या पॉइंटची टाच घासून बसते, गॅप कमी होतो, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी उडायची वेळही, सरकतं. मग रोटर बोटांनी आडवा हलवून बघा. शाफ्ट खडखडला तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या) गेलेत, आणि गॅप कितीही नीट लावा, चारही सिलिंडरला वेगळाच मिळेल. तेव्हा लेथवाल्याकडून बुश करून घ्यावे लागतात. त्याला पैसे लागतील, पण ते वाया जाणारे नाहीत.

तेलपाणी वर्षातून एकदा. रोटरखालच्या स्क्रूवर इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, कॅमला बोटभर नाही, नखभर ग्रीस. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

प्रश्न : आमची पेट्रोल जीप गुरांच्या कोठ्यात उभी असते. झड लागली की सुरूच होत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं तर हा त्रास जाईल का?
(एक वाचक, काटोल तालुका)

उत्तर : त्याने पॉइंट आणि कंडेन्सर जातील. टोपी, रोटर, वायरी त्याच राहतील, आणि तुमचा त्रास तिथेच दिसतो. अंधार पडल्यावर घरचा दिवा मालवून बॉनेट उघडा नि कोणाला तरी सेल्फ मारू द्या. वायरींवर, टोपीवर निळे किडे धावताना दिसले तर उत्तर सापडलं. टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर ती तडा किंवा करंटने जाळलेली वाट आहे, घासून जात नाही, टोपी बदला. टोपीतला मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का तेही बोटाने दाबून पाहा. आणि कोठ्यात उंदीर असतीलच, वायरी खालच्या बाजूनेही तपासा.