दोन गटांच्या मेंदूची तुलना: साधी टी-टेस्ट, की वय धरून मॉडेल?

तुमच्याकडे 22 रुग्ण आणि 25 निरोगी व्यक्तींचे एमआरआय आहेत, करड्या द्रव्याच्या घनफळाची व्हॉक्सेलनिहाय (प्रतिमेच्या एकेका छोट्या ठोकळ्यागणिक) तुलना करायची आहे, आणि रुग्ण सरासरी 9 वर्षांनी मोठे आहेत. टी-टेस्टमध्ये (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) पुष्कळ भाग उजळतात, म्हणजे तिथे फरक दिसतो, आणि मॉडेलमध्ये वय घातलं की जवळजवळ सगळे विझतात. मग खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही खरे, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टी-टेस्ट एवढंच पाहते की हे गट जसे आहेत तसे वेगळे आहेत का. वय धरलं की प्रश्न होतो: एकाच वयाचे रुग्ण आणि निरोगी माणूस घेतले तर फरक उरतो का? वयाबरोबर करडं द्रव्य घटतंच, म्हणून तुम्हाला दुसरा प्रश्न हवा. मी वय, लिंग आणि कवटीच्या आतलं एकूण घनफळ, तिन्ही कोव्हेरिएट (ज्यांचा परिणाम बाजूला काढायचा ते घटक) म्हणून घेईन.

पण त्याआधी दोन्ही गटांची वयं एका आलेखावर मांडा. मधला पट्टा सामाईक असेल तर ठीक. एक गट तिशीत आणि दुसरा साठीत असेल, तर मॉडेल जिथे कुणीच नाही तिथे रेषा ओढून तुलना करतं. तिथे कुठलंही समीकरण कामाचं नाही, जुळत्या वयाची माणसंच शोधावी लागतात.

वय सेंटर कसं करता, म्हणजे प्रत्येकाच्या वयातून कोणती सरासरी वजा करता, यावर बरंच अवलंबून आहे, आणि हे फार कुणी सांगत नाही. सगळ्यांची मिळून एकच सरासरी वजा केली तर गटांमधला वयाचा फरक भरून निघतो. प्रत्येक गटाची स्वतःची सरासरी वजा केली तर तो भरून निघतच नाही. वय मॉडेलमध्ये दिसतं, पण गटांतला फरक टी-टेस्टमधलाच राहतो. दोन्ही गटांना वेगवेगळे स्लोप (वयानुसार घनफळ बदलण्याचा वेग) दिलेत, तर गटांतला फरक तुम्ही जिथे शून्य धरलंत त्या वयापुरताच असतो. एवढ्या कमी माणसांत मी इंटरॅक्शन, म्हणजे वयाचा परिणाम गटागणिक वेगळा आहे का, ते तपासेन, ठळक दिसलं नाही तर एकच स्लोप ठेवेन. (इंटरॅक्शन दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मात्र लिहू नका.)

थ्रेशोल्डसाठी, म्हणजे कोणता फरक मानायचा ती मर्यादा ठरवायला, परम्युटेशन वापरा: कोण कुठल्या गटात ते पुन्हापुन्हा अदलाबदल करून नुसत्या योगायोगाने किती फरक दिसतो ते पाहायचं. एफएसएल या मेंदू-प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमधल्या रँडमाइझ प्रोग्रॅममध्ये टीएफसीई (शेजारच्या व्हॉक्सेलचा आधार धरून प्रत्येक व्हॉक्सेलला गुण देणारी पद्धत) लावून 5000 फेऱ्या पुरतात. 2016 मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी फंक्शनल एमआरआयवर (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) दाखवलं की क्लस्टरच्या (एकत्र उजळलेल्या व्हॉक्सेलच्या पुंजक्याच्या) आकारावर बेतलेल्या नेहमीच्या चाचण्यांत 5 टक्के अपेक्षित असलेला खोट्या निकालांचा दर काही वेळा 70 टक्क्यांपर्यंत जातो. तुमच्या डेटात स्मूदनेस (शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत ते) जागोजागी वेगळा असतो, म्हणून क्लस्टरच्या आकाराचा तिथेही भरवसा नाही.

तुम्ही दोन्ही मॉडेलं चालवून पाहिलीच आहेत, तेव्हा प्रबंधात दोन्ही निकाल द्या आणि वय धरलेलं मुख्य का, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. परीक्षक बहुधा तेच आधी विचारतील.