डोळे मिचकावणारं पोरगं समोर आलं तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला बसून तुला जेमतेम तीन आठवडे झाले आणि पहिला गुंता कोणता, तर दुसरीतलं एक पोट्टं. सारखे डोळे मिचकावतं. गुरुजींना वाटलं वेडावून दाखवतं, म्हणून त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं. आणि तू टॉर्च हातात घेतलीस की पापण्या गुमान. ‘काही सापडलं नाही सर, थेंब देऊन पाठवलं,’ असं लिहितोस. थेंब कशाचे, ते मात्र लिहिलं नाहीस.

अशा पोराची तपासणी बाहेरच्या बाकड्यावर सुरू होते. दार उघडं ठेव, केसपेपर चाळतोय असं दाखव आणि घड्याळ लावून मोज. माणसाची पापणी मिनिटाला १५ ते २० वेळा लवते. मोबाइलमध्ये डोकं घातलं की निम्म्यावर येते. दोन्ही डोळे मिटतात की एकच? सोबत नाक मुरडतं का, खांदा उडतो का? झोपेत होतं का, हे आईला विचार.

आई सांगेल, ‘कितीक सांगतलं साहेब, मारलंबी, पन आयकतच नाई.’ तिथेच तिला थांबव. चार ते दहा वर्षांच्या कितीतरी पोरांना असं होतं. डॉक्टर याला टिक म्हणतात. शिंक दाबावी तसं पोरगं ते क्षणभर दाबून धरतं, म्हणून तुझ्या टॉर्चपुढे शांत होतं आणि बाहेर गेलं की दुपटीने करतं. परीक्षा, जागरण, घरातली भांडणं, टोकणं, या सगळ्याने वाढतं. टोकणं बंद केलं की बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातं. वर्ष उलटलं, किंवा घशातून खाकरल्यासारखे आवाजही येऊ लागले, तर मात्र पुढे पाठव. पोरगं बोलता बोलता पाच-दहा सेकंद हरवत असेल, पापण्या थरथरत असतील आणि हाकेला ओ देत नसेल, तर ती फिट असू शकते. तिथे थांबायचं नाही.

पण टिक हा शब्द डोळा नीट बघितल्याशिवाय उच्चारायचा नाही. नंबर तपास. उन्हात एकच डोळा मिटत असेल तर तिरळेपणा बघ. पापण्यांच्या कडांना कोंडा चिकटला असेल तर कोमट पाण्याच्या पट्टीचा शेक आणि रोज कडा पुसणं, एवढ्यावरच पुष्कळांना आराम पडतो. आणि वरची पापणी उलटल्याशिवाय कोणालाही घरी पाठवू नकोस. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाधुळीत डोळे चोळत येणाऱ्या पोरांच्या पापणीखाली फरसबंदीसारखे उंचवटे दिसतात. ती अॅलर्जी.

सोयाबीन काढायच्या दिवसांत एक पोरगी आली होती, थ्रेशरजवळ उभी राहिलेली. पांढऱ्या भागात लाली जेमतेम, पण मिचकावणं थांबेना. रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर उभे हिरवे ओरखडे, मांजराने नखं ओढावी तसे. ओरखडे उभे दिसले की समजायचं, माल वरच्या पापणीच्या आत आहे. उलटली, तर कुटाराचं एक कुसळ. ओल्या कापसाच्या काडीने निघालं आणि पोरगी चहा प्यायच्या आत हसायला लागली. पण बुबुळावर पांढरा डाग दिसला तर हात लावू नकोस, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे रवाना कर. वावरातल्या काडीकचऱ्याने झालेल्या जखमेत बुरशी वाढते, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबाने तिचं चांगलंच फावतं. तो थेंब लोकांना भारी आवडतो, कारण दुसऱ्या दिवशी लाली जाते. महिनोन्‌महिने घातला की डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो.

डोळा लवला, शुभ की अशुभ, असं विचारणारेही येतील. ती पापणीची बारीक फडफड असते. झोप काढा, चहा कमी करा, एवढं सांगून मोकळा हो.

आता माझी चूक सांगतो. भजनी मंडळातली एक आजी यायची, साठीच्या आसपासची. डोळे सारखे मिटायचे, पुढे पुढे तर उघडेचनात. रस्ता ओलांडायला नातू लागायचा. कोरडे डोळे म्हणून मी दोन वर्षं तिला थेंब देत राहिलो. सून म्हणायची, सोंग आहे, भजनात कसे टकटकीत उघडे असतात! एकदा गुरुवारी मी तिच्या गावी प्रार्थनेला गेलो. आजी खंजिरी वाजवत गात होती आणि डोळे खरंच लख्ख उघडे. भजन संपलं, खंजिरी मांडीवर ठेवली आणि पापण्या घट्ट मिटल्या. मग तिने भुवईवर बोट दाबलं, तेव्हा एक डोळा किंचित उघडला.

सोंग नव्हतं ते. पापणी मिटणारे स्नायू मेंदूच्या चुकीच्या हुकमाने आवळले जातात, त्याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. गाताना, बोलताना, चेहऱ्याला हात लावताना तो काहींचा तात्पुरता सुटतो. बोटुलिनमचं इंजेक्शन, जे लोकांना सुरकुत्यांसाठी माहीत आहे, ते अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं ते याच्यासाठी आणि तिरळेपणासाठी. आजीला नागपूरला पाठवलं. चौथ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती, असं सुनेनेच येऊन सांगितलं. असर साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. एसटीचं भाडं, दवाखान्याचा दिवस, सगळं आलं. तरी ती जायची.

तुझ्या त्या पोट्ट्याला परत बोलाव, आईसोबत, शाळेच्या वेळेत नको. गुरुजींना वेगळं गाठून सांग, पोरासमोर नाही. आणि त्या थेंबाच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, लिहिलेलं असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, आजच गाडी काढ आणि बाटली परत आण.

तुझा,
काका