तुआरेग गिटार आणि नॉइज यांची एकत्र मैफल ऐकण्यासारखी असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाइपझिगमध्ये मित्राने तिकिटं काढून ठेवलीत, स्टेजवर नायजरचा एक तुआरेग (सहारा वाळवंटातल्या जमातीचा) गिटारवादक आणि त्याच्यासोबत दोन युरोपियन नॉइजवाले, म्हणजे खरखर, किंचाळ्या, गोंगाट यांचंच संगीत करणारे. तुमचे कान शास्त्रीय संगीतावर पोसलेले. जावं का, काही कळेल का, आणि सध्या तुमच्याकडे आलेल्या आईंना न्यावं का?

जा. मी ब्रुसेल्सला असतो. नोकरी वेगळीच आहे, पण सुट्टीच्या दिवशी एका छोट्या हॉलमध्ये साउंडवाल्यांच्या हाताखाली केबली ओढायची हौस आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे जवळपास अशीच मैफल झाली, त्यामुळे हा प्रकार मी स्टेजच्या बाजूने, अगदी हातभर अंतरावरून पाहिलाय.

'वाळवंटातलं शांत, निर्मळ संगीत आणि त्यावर युरोपियनांनी ओतलेला गोंगाट' अशी कल्पना करून जाऊ नका. जाहिरातींमध्ये उंट आणि चांदणं दाखवतात म्हणून तसं वाटतं. तुआरेग गिटार पहिल्यापासून खरखरीतच वाढली. तिनारिवेन या तुआरेग बँडचा इब्राहिम अग अलहबीब मूळ मालीचा. तिथल्या 1963 च्या तुआरेग उठावात त्याचे वडील मारले गेले आणि तो अल्जेरियात निर्वासित म्हणून वाढला. पहिली गिटार त्याने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून स्वतःच बनवली. पुढे त्यांची गाणी पसरली ती कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून. चौथ्या-पाचव्या हाताला पोचेपर्यंत गाण्याइतकीच खरखरही ऐकू येणार, हे आपल्याकडे ज्यांनी टेपवरून टेप भरून घेतल्यात त्यांना सांगायला नको.

नायजरमध्ये तर ही लग्नातली गिटार. उघड्यावर मांडव, बाजूला जनरेटर, आणि गिटार व गायकाचा माइक बऱ्याचदा एकाच दमलेल्या अँप्लिफायरमध्ये खुपसलेले. तो अँप फाटून बोलतो आणि लोक त्यावर नाचतात. अगादेझ शहरातल्या एत्रान द लाइर या बँडने 1995 मध्ये सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे एक साधी, बिनविजेची गिटार होती, आणि ताल धरायला भोपळ्याच्या तुंब्यावर चप्पल आपटायचे! नायजरचाच गिटारवादक-गायक म्दू मोक्तार, त्याचा पहिला अल्बम 2008 मध्ये नायजेरियातल्या सोकोटोला रेकॉर्ड झाला. गायकाच्या आवाजावर ऑटोट्यूनचा (सूर यंत्राने सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) जाड थर होता, आणि तो पसरला मोबाइलच्या मेमरी कार्डांतून, ब्लूटूथवरून. स्वच्छ आवाज ही या संगीताची अट कधी नव्हतीच.

तुम्ही शास्त्रीय ऐकणारे आहात म्हणून एकच दाखला देतो. मिरजेत तंबोरा बनवणारे जवारी काढतात, म्हणजे तार घोडीवर नेमकी घासावी आणि झणकारावी म्हणून तासन्‌तास घोडी घासत बसतात, मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो झणकार जागेवर आणतात. धागा काढला की तार मुकी. पश्चिम आफ्रिकेत कोरा या तंतुवाद्याला कड्या अडकवलेला धातूचा पत्रा लावतात तोही असाच, मुद्दाम किणकिण यावी म्हणून. म्हणजे सुराला थोडी घाण लागल्याशिवाय तो जिवंत वाटत नाही, हे तुमच्या कानाला आधीच माहीत आहे.

नॉइजवाल्यांची परंपरा निराळी. इटलीच्या लुइजी रुसोलोने 1913 मध्ये जाहीरनामाच लिहिला की यंत्रांचे, शहराचे आवाज हेही संगीतच, आणि पुढे त्यासाठी भोंग्यांच्या पेट्या बनवल्या. जपानमध्ये मासामी अकिताने 1979 पासून 'मेर्झबो' या नावाने त्याचं टोक गाठलं. ते मी घरी ऐकत नाही, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडच्या मैफलीत एका नॉइजवाल्यापुढे गंजलेला पत्रा होता, त्याला बटणाएवढे दोन कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे पत्र्याची थरथरच पकडणारे माइक, चिकटवलेले. दुसऱ्याकडे फक्त एक मिक्सर, आणि त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलेलं. बाहेरून कुठलाही आवाज आत जात नाही, यंत्र स्वतःचंच ऐकून किंचाळतं. बटण केसभर फिरवलं तरी शिट्टीची गुरगुर होते.

सुरुवात कंटाळवाणी झाली. दोन्ही बाजू एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत होत्या. गिटारवाला तुकडा वाजवून थांबायचा, मग हे थोडं कुरकुरायचे. अशा जोड्या जुळवणाऱ्या आयोजकांचा मला रागच येतो. पोस्टरवर छान दिसतं म्हणून अनोळखी माणसांना दुपारी भेटवायचं आणि संध्याकाळी स्टेजवर चढवायचं.

मग मिक्सरवाल्याने एक खालचा सूर धरला, गिटारच्या जाड तारेपेक्षा जरासाच चढा. तुआरेग वादक बहुधा ही तार अंगठ्याने सतत छेडत ठेवतात आणि तर्जनीने वरच्या तारांवर चाल वाजवतात. दोन सूर एवढे जवळ आले की हवेत हेलकावे सुरू होतात, तुम्ही तंबोरा मिळवताना ऐकले असतील. गिटारवाल्याने मान वर केली. उजवा अंगठा चालूच, आणि डाव्या हाताने त्याने गाण्याच्या मधेच खुंटी पिळायला घेतली. हेलकावे संथ झाले. आता सूर मिळेल असं वाटत असतानाच त्याने खुंटी पुन्हा किंचित उलटी फिरवली आणि हेलकावे बरोबर टाळ्यांच्या लयीवर आणून सोडले. मिक्सरवाला हसत होता. पुढचा अर्धा तास मी केबली विसरलो.

टाळ्यांवरून आठवलं. पुढे उभ्या असलेल्या तुआरेग बायका टाळ्या वाजवत होत्या आणि अख्खा हॉल त्यांच्यावर तोलून राहिला होता. पुष्कळ गाणी सहाच्या चालीत असतात, तुम्हाला दादरा लगेच पायात येईल. मुळात ही लय तेंदेची. उखळावर बकऱ्याचं कातडं ताणून बायका तो ढोल वाजवतात. ड्रमर असला तरी टाळ्यांकडे कान ठेवा. नॉइज कितीही उसळला तरी लय ऐकू येत असेल तर माणसं हलत नाहीत. ती बुडाली की पाचच मिनिटांत बारपाशी गर्दी होते.

रागाची बढत शोधू नका, मिळणार नाही. पाच स्वरांत फिरणारी चाल पुन्हा पुन्हा येते आणि बदलतो तो जोर.

एक तक्रार मात्र आहे. ही गाणी तमाशेक या तुआरेगांच्या भाषेत असतात, आणि त्यांत निर्वासितपण, दुष्काळ, उठाव, उत्तर नायजरमधल्या युरेनियमच्या खाणी असं बरंच काही असतं. आमच्याकडे शेवटच्या दोन गाण्यांत पत्र्यावाल्याने गायकाच्या तोंडावरच आवाज ओतला. मला शब्द तसेही कळत नव्हते, पण पुढच्या बायकांना कळत होते. गाणं त्यांच्या ओठांवर होतं आणि कानावर येत नव्हतं. प्रयोग म्हणून हे चालत असेल, मला उर्मटपणा वाटला.

जाण्याआधी तिनारिवेनचा 2011 चा 'तासिली' ऐका, बराचसा साध्या गिटारवर आहे, त्यातून अंगठ्याचं काम कळेल. मग म्दू मोक्तारचा 2021 चा 'आफ्रिक व्हिक्टिम'. हा डावखुरा माणूस नखी न वापरता बोटांनी इलेक्ट्रिक गिटार अशी काही पळवतो की नॉइजवाल्यांची गरज का भासावी असा प्रश्न पडेल.

आता आईंचं. नक्की न्या, पण इअरप्लग घेऊनच, आणि तुम्हीही घाला. शंभर डेसिबलला उघड्या कानांनी साधारण पंधरा मिनिटांपर्यंतच सुरक्षित धरतात, आणि नॉइजच्या भागात आवाज तिथवर सहज जातो. कापूस कामाचा नाही, औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात ते घ्या. अशा जागी खुर्च्या बहुतेक नसतात, म्हणून हॉलला आधीच ईमेल करून एक मागून ठेवा. वयस्क माणूस आहे म्हटल्यावर आम्ही तरी देतो. खुर्ची स्पीकरसमोर नको, साउंडच्या टेबलाशेजारी लावून घ्या, तिथे आवाज सगळ्यात नीट मिळतो. नॉइजवाल्यांचा एकट्यांचा भाग आला आणि आई वैतागल्या तर लॉबीत चहा नसला तरी कॉफी मिळेल. टाळ्या सुरू झाल्या की परत आत आणा.