‘डंबो’ हा जुना डिस्नीचा पिक्चर पाच वर्षांच्या मुलीला दाखवावा का? खूप रडका आहे असं ऐकलंय

दाखवा की. फक्त शेजारी बसून दाखवा, टीव्ही लावून देऊन तुम्ही आत कुकर लावायला गेलात तर नेमका तेव्हाच तो आईचा सीन येणार आणि पोरगी भोंगा पसरणार.

आमच्याकडे मागच्या वर्षी बघून झाला, लेक तेव्हा साडेपाचची होती आणि सोबत माझी आई. पिक्चर १९४१ चा आहे पण लांबी ६४ मिनिटंच, त्यामुळे लहान मूल चुळबुळ करायच्या आत संपतो. इंग्लिश कळेल का ही काळजी तर सोडूनच द्या. डंबो म्हणजे सर्कशीतलं हत्तीचं पिल्लू, तो अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही आणि त्याची आई बोलते ते एकदाच, पिल्लू आणून देणारा करकोचा त्याचं नाव विचारतो तेव्हा, ‘जंबो ज्युनिअर’ (हे डंबोचं खरं नाव), बस. बडबड करतात त्या सर्कशीतल्या बाकीच्या हत्तिणी आणि टिमोथी नावाचा एक उंदीर, ते मी अधूनमधून मराठीत सांगत होतो आणि नाही सांगितलं तरी चाललं असतं. (आपण जंबो वडापाव म्हणतो तो जंबो पण मुळात हत्तीच, लंडनच्या झूमधला खराखुरा, १८८२ मध्ये बार्नम नावाच्या सर्कसवाल्याने त्याला विकत घेऊन अमेरिकेत नेला. १८८५ मध्ये कॅनडात रेल्वेची धडक बसून मेला बिचारा, हे मुलीला सांगू नका.)

तर गोष्ट अशी की पिल्लू येतं, सगळ्या हत्तिणी कौतुक करतात, मग त्याला शिंक येते आणि कान उलगडतात, सुपाएवढे. लगेच नाकं मुरडणं सुरू. इथे आमच्या घरात गाडी अडली. लेक म्हणाली, मोठे आहेत तर काय झालं, गणपतीचे पण मोठेच आहेत ना? आणि माझी आई लगेच, “शूर्पकर्णच तो!” आता काय बोलणार. आपल्याकडच्या पोरांना हत्तीचे मोठे कान हा दोष वाटतच नाही, त्यामुळे त्या हत्तिणी का हसतायत हे मला पॉज करून समजवावं लागलं, आणि खरं सांगायचं तर नीट समजवता आलंच नाही.

आता रडण्याचं. लोक म्हणतात हा उडणाऱ्या हत्तीचा पिक्चर, पण उडणं येतं ते अगदी शेवटी, काही मिनिटं. त्याआधीचा सगळा पिक्चर आई आणि पिल्लाची ताटातूट आहे. सर्कस बघायला आलेला एक वांड पोरगा डंबोला चिडवतो, ओढतो, मग आई त्याला सोंडेत धरून चांगले फटके देते. झालं, चाबूक, साखळ्या, आणि तिला एका डब्यात कोंडून बाहेर पाटी, वेडी हत्तीण म्हणून. आमची आई भडकलीच, “तिला कशाला बांधताय, त्या कार्ट्याला अजून दोन द्या.” हे असं कोणी शेजारी असलं की मुलांना बरं पडतं.

नंतर रात्री डंबो तिला भेटायला जातो. पायात साखळी, तिला पुढे येता येत नाही, मग ती गजांतून नुसती सोंड बाहेर काढते, चाचपडत त्याला शोधते आणि सोंडेचाच झोका करून त्याला झुलवते. मागे अंगाई चालू आणि बाकीचे प्राणी आपापल्या पिल्लांना कुशीत घेऊन झोपलेले, हिप्पो तर पाण्याखाली. ‘बेबी माईन’ नावाचं हे गाणं ऑस्करच्या नॉमिनेशनमध्ये होतं, गाण्याला नाही मिळालं पण पिक्चरच्या संगीताला मिळालं. लेक इथे रडली नाही, एकदम गप्प झाली आणि माझा हात धरून बसली. रडलो कोण ते सांगत नाही.

हे एवढं लागतं त्याचं कारण मला वाटतं चित्रात आहे. डंबो मुख्यतः बिल टायट्ला नावाच्या माणसाने काढलाय, हा आधी डिस्नीच्याच ‘फँटेशिया’ या पिक्चरमधला डोंगरावरचा राक्षस काढणारा गडी, आणि इथे त्याने स्वतःच्या लहानग्या मुलाला बघून हत्तीचं पिल्लू काढलं. आंघोळीचा सीन बघा ना, डंबो फेसात खेळतो, आईच्या पायांतून पळतो, लपतो, पुन्हा बाहेर येतो, घरात रांगतं पोर असेल तर त्या हालचाली तुमच्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

बाकी पिक्चर तसा काटकसरीतला. १९४० चे ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ दोन्ही महागडे, त्यात युद्धामुळे युरोपचा धंदा बंद, स्टुडिओ तोट्यात, म्हणून हा साधा आणि स्वस्तात करायचा ठरला, मागची दृश्यं जलरंगात. माझ्या मते स्वस्तात केला म्हणूनच चांगला झाला, फाफटपसारा नाही. त्यात मे १९४१ ला स्टुडिओत संप झाला आणि टायट्ला पण संपात होता. पिक्चरमध्ये विदूषक दारू पिऊन मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात तो टोमणा संपवाल्यांनाच होता असं म्हणतात.

दारूवरून आठवलं, हे आधी माहीत असू द्या. पाण्याच्या टबात शँपेन पडते, डंबो आणि उंदीर ते पितात आणि त्यांना गुलाबी हत्ती दिसायला लागतात. अमेरिकेत दारू जास्त झाली की गुलाबी हत्ती दिसतात असं म्हणतात, त्यावरून. हत्तीतून हत्ती निघतात, काहींना डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, काळ्या पार्श्वभूमीवर. मला तो सीन भारी वाटतो, लेकीने उशी तोंडावर घेतली. पाच वर्षांची असेल तर दिवसा बघा, झोपायच्या आधी नको.

आणि पिक्चरमधल्या कावळ्यांचं. डिस्नी प्लसवर काही वर्षं सुरुवातीला सूचना यायची, कारण हे कावळे कृष्णवर्णीयांची नक्कल आहेत, मुख्य कावळ्याचं स्टुडिओतलं नाव जिम क्रो, म्हणजे तिकडच्या वर्णभेदाच्या कायद्यांना जे म्हणायचे तेच, आणि त्याला आवाज एका गोऱ्या नटाचा. आक्षेप बरोबरच आहे. पण मला विचाराल तर तंबू उभारण्याचा सीन त्याहून वाईट आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. रात्री पावसात काळे मजूर खुंट्या ठोकतायत, गाण्यात आम्ही अडाणी, पगार मिळाला की उधळतो असलं काहीतरी, आणि त्या माणसांना चेहरेच काढलेले नाहीत. हत्तींना आहेत, उंदराला आहे, आगगाडीच्या इंजिनालासुद्धा आहे. पाच वर्षांच्या मुलीला हे समजवायची गरज नाही, दहाव्या वर्षी पुन्हा बघाल तेव्हा बोला.

कावळ्यांच्या बाबतीत गंमत म्हणजे आधी ते पण हसतात, मग उंदीर त्यांना झापतो, आईला कोंडलंय वगैरे सांगतो, तर ते ओशाळतात आणि उडायला मदत करतात, हे धरलंस की उडशील म्हणून डंबोला जादूचं पीस देतात. पिक्चर संपल्यावर लेकीने विचारलं, त्या हत्तिणींनी सॉरी म्हटलं का? मी म्हटलं म्हटलं असेल. तिला पटेना, म्हणून शेवट पुन्हा लावला. डंबो प्रसिद्ध होतो, पेपरात नाव येतं, त्याच हत्तिणी गाडीत बसून गाणं म्हणतात, आईला वेगळा छान डबा मिळतो. सॉरी कोणीच म्हणत नाही.